कॉलेजचं विद्यार्थी कार्यालय नव्याने मांडायचंय, क्लार्क आणि मुलांना एकत्र बसवून. अनुभव सांगा

सांजपर्व

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात शिकवते. आमच्या संस्थेने कार्यालयाच्या नूतनीकरणासाठी थोडे पैसे मंजूर केलेत. आतापर्यंतच्या बैठकांत चर्चा झाली ती काच कुठली, फरशी कुठली आणि टोकन मशीन घ्यायचं की नाही याची. मी प्राचार्यांना म्हटलं, भिंतीला हात लावण्याआधी त्या खोलीत नेमकं काय चालतं ते एकदा नीट बघू या. ते म्हणाले, ठीक आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी काय ते ठरवून द्या.

सध्या एक लांबट खोली आहे आणि व्हरांड्याकडे तीन खिडक्या: प्रवेश व फी, शिष्यवृत्ती, परीक्षा. पाट्या आहेत, पण बोनाफाईड कुठे मिळतं ते एकाही पाटीवर नाही. मुलं आधी फीच्या रांगेत उभी राहतात, तिथून शिष्यवृत्तीकडे जातात, तिथून पावती दाखवायला पुन्हा फीकडे. आत क्लार्क दोन, तिसरी जागा रिकामी. परीक्षेची खिडकी बहुतेक वेळा शिपाईमामाच सांभाळतात आणि खरं सांगायचं तर कुठला कागद कुठे मिळेल हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

माझं मत असं की रचना ठरवताना विद्यार्थी, क्लार्क आणि शिपाई तिघंही टेबलाशी हवेत, आणि तेही नुसतं मत देण्यापुरते नकोत, ठरवण्यात हवेत. अडचण अशी की क्लार्कसमोर मुलं बोलत नाहीत, कारण उद्या त्यांचा फॉर्म त्याच माणसाच्या हातात असतो. आणि क्लार्कना वाटतं, ही आपल्याविरुद्धची सुनावणी आहे. कुणी असं काही केलंय का? कसं बसवलंत सगळ्यांना?

निळावंती

वाचतेय. आमच्या वेळी बोनाफाईडसाठी अर्ज, अर्जावर वर्गशिक्षकांची सही, सहीसाठी ओळखपत्र, आणि ओळखपत्रं अजून छापून आलेली नसायची. :-)

जुना_हेडक्लार्क

ताई, नमस्कार. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, तेव्हा आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

खिडकीवर दिसतो तो कामाचा शेवटचा तुकडा. महाडीबीटीचं घ्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं. मुलगा अर्ज भरतो, तो क्लार्क लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून समाजकल्याण किंवा ज्या त्या खात्याकडे. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत. मुलाला मोबाईलवर दिसतं की अर्ज परत आलाय, पण म्हणजे आता काय करायचं ते कळत नाही, म्हणून तो खिडकीवर येतो. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा निघतो. जातीच्या दाखल्यावर दत्तात्रय आणि आधारवर दत्ता. सगळ्यात वाईट म्हणजे पैसे मंजूर झालेत पण मिळालेले नाहीत. आधार जोडलेलं असतं शाळेत असताना उघडलेल्या भलत्याच बँकेतल्या खात्याला, पैसे तिकडे जाऊन बसतात आणि पोरगा वर्षभर नव्या खात्याचं पासबुक भरून आणून दाखवत राहतो. हे सगळं खिडकीवरच्या माणसाने शोधून द्यायचं, मागे व्हरांडाभर पोरं उभी असताना.

त्यात नवनवीन ओळख क्रमांक. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली (मुलांच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं), मग अपार हा विद्यार्थी क्रमांक, शिवाय डिजिलॉकर. प्रत्येक गोष्टीचं परिपत्रक येतं, वाढीव माणूस येत नाही. क्लार्क खेकसतो ते मी योग्य म्हणत नाही. पण एकच प्रश्न सकाळपासून शेकडो वेळा ऐकला की कुणाचाही आवाज चढतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिली बैठक स्टाफरूममध्ये घेऊ नका. प्राध्यापकांच्या खोलीत आमची माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात आणि "हो सर" म्हणून उठतात. त्यांच्या टेबलापाशी जा, रजिस्टरं बघा, एखादा अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्याकडून समजून घ्या. मुलांना नंतर आणा.

सांजपर्व

काका, खुर्चीच्या कडेचं अगदी खरं आहे. मी नेमकी स्टाफरूमच ठरवून ठेवली होती, ती आजच रद्द करते.

मोजमाप

नकाशे काढण्याआधी मोजणी करा.

१९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. एका वेळी सरासरी किती माणसं थांबलेली असतात? ताशी जितकी येतात गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. ताशी ४० मुलं येत असतील आणि प्रत्येकाचा रांगेपासून काम होईपर्यंत अर्धा तास जात असेल, तर तुमच्या व्हरांड्यात कायम २० मुलं उभी दिसणार. फरशी कुठलीही बसवा, हा आकडा हलणार नाही. तो हलवायचा तर येणारी मुलं कमी करा किंवा प्रत्येकाचा वेळ कमी करा.

दुसरं, तीन खिडक्यांना तीन रांगा यापेक्षा तिन्ही खिडक्यांना मिळून एक रांग लवकर सरकते. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग यांनी १९०९ मध्ये या गणिताची सुरुवात केली, बँकांनी ते कधीच उचललं. अट एकच, कुठल्याही खिडकीवर कुठलंही काम व्हायला हवं.

एक आठवडा एनएसएसच्या मुलांना वही देऊन बसवा. कोण किती वाजता आलं, कशासाठी, किती वाजता गेलं. शेवटचा रकाना ठेवा "काम न होता परत गेले". मी आधी तोच वाचेन.

ओवी_टीवाय

मी सध्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वेगळ्या कॉलेजात. आमच्या गावाला परतीची एसटी साडेतीनला, ती चुकली तर थेट सहाला. खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर तीनला उघडते. म्हणजे आमच्या बाजूच्या चार-पाच गावांतल्या सगळ्यांकडे अर्धा तास. हे ऑफिसमध्ये कुणाला माहीतच नव्हतं. सांगितल्यावर मॅडमना खूप वाईट वाटलं होतं.

पण मला दुसरं सांगायचंय. रांगेत उभं राहून काचेच्या भोकातून मोठ्याने सांगावं लागतं, कुठला प्रवर्ग, वडिलांचं उत्पन्न किती, फ्रीशिप (फीमाफी) आहे की स्कॉलरशिप. मागची सगळी पोरं ऐकत असतात. माझ्या एका मैत्रिणीने दुसऱ्या वर्षाला अर्जच भरला नाही. घरी सांगितलं तारीख संपली. तारीख संपली नव्हती.

तुम्ही रचना बदलताय तर एवढं एक नक्की करा मॅडम.

निळावंती

ओवी, हे वाचून पोटात तुटलं. वर मी गंमत केली, पण हा विषय किती खोल आहे ते आता कळतंय.

रेषाचित्र

सेवांची रचना हाच माझा व्यवसाय, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ओवीने सांगितलेली गोष्ट मोजमाप यांच्या वहीत कधीच येणार नाही, कारण तिची मैत्रीण रांगेत आलीच नाही. म्हणून मोजणीसोबत बोलणंही हवं.

बँकेत काम करणाऱ्या लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सेवेची ब्लूप्रिंट कशी काढायची ते मांडलं. उदाहरण घेतलं रस्त्याकडेला बूटपॉलिश करणाऱ्याचं. एक आडवी रेघ ओढायची. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसतं ते, रेघेखाली न दिसणारं. प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो आणि कुठे चुकू शकतं तेही लिहायचं. तुमच्याकडे हे भिंतीवर तपकिरी कागद लावून करता येईल. वरच्या ओळीत एक विद्यार्थिनी, खाली खिडकीवरचे क्लार्क, रेघेखाली रजिस्टर, प्राचार्यांची सही, त्याखाली विद्यापीठ आणि महाडीबीटी. हेडक्लार्ककाकांनी जे सांगितलं ते जवळजवळ सगळं रेघेखालचं आहे, मुलांना ते कधीच दिसत नाही. एकदा दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

एकत्र बसवण्याबद्दल. मुलांना स्वतःची तक्रार सांगायला लावू नका. काल्पनिक मुलगी घ्या, नाव द्या, "तिला शुक्रवारपर्यंत बोनाफाईड हवंय" असं काम द्या आणि मुलांना व क्लार्कना मिळून तिचा प्रवास कागदावर मांडायला सांगा. तक्रार त्या मुलीची होते, बोलणाऱ्यावर शेकत नाही. शिपाईमामांच्या हातात स्केचपेन पहिल्यांदा द्या.

ही पद्धत उगवली कामगार चळवळीतून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्यासोबत काम केलं, कारखान्यात येणाऱ्या संगणकांवर कामगारांचं म्हणणं चालावं म्हणून. पुढे १९८१ पासून स्वीडन-डेन्मार्कमध्ये युटोपिया नावाचा प्रकल्प झाला, छापखान्यातल्या कामगारांसोबत. तिथे लेझर प्रिंटर म्हणून पुठ्ठ्याचं खोकं ठेवून कामाची तालीम केली होती. तुम्हीही टेबलं-पुठ्ठे मांडून नव्या कार्यालयाची तालीम घ्या, गवंडी बोलावण्याआधी.

स्पष्टवक्ता

सगळं छान चाललंय, पण मला पटत नाही, स्पष्ट लिहितो.

तीन जागा, दोन माणसं. तेवढा एकच मुद्दा आहे. निवृत्त माणसाची जागा भरली जात नाही, भरली तर कंत्राटी, आणि तो शिकेपर्यंत करार संपतो. त्याला तपकिरी कागद काय करणार? उलट संस्थाचालक म्हणतील, बघा, विद्यार्थ्यांना सामील करून घेतलं, आता माणसं कशाला?

सहभागाचंही तसंच. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन नियोजनतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. माहिती देणं, सल्ला विचारणं या मधल्या पायऱ्या त्यांनी चक्क देखाव्यात धरल्या. खरा सहभाग तेव्हा, जेव्हा निर्णयाचा अधिकार जातो. तुमची मुलं तीन वर्षांत पास होऊन जाणार, क्लार्कना संस्थेपुढे आवाज नाही. मग अधिकार कुणाकडे गेला?

जुना_हेडक्लार्क

स्पष्टवक्ता, रिकाम्या जागेबद्दल शंभर टक्के सहमत. त्यासाठी आम्ही मोर्चे काढलेत. पण तिसरा माणूस येईपर्यंत त्या दोघांनी कसं जगायचं? काम कमी होत असेल तर ते मलाही हवंच आहे. आणि मोजमाप यांची वही भरली तर तिसरी जागा का हवी याचा पुरावा प्रथमच कागदावर येईल. मी असतो तर ती वही थेट उच्च शिक्षण सहसंचालकांकडच्या प्रस्तावाला जोडली असती.

मोजमाप

+१. वहीचा हा उपयोग मला सुचला नव्हता.

घाटवाट

पासपोर्ट सेवा केंद्राचा अनुभव घ्या ना. ए, बी, सी काउंटर. ए वर टीसीएसची माणसं कागद तपासून स्कॅन करतात, बी आणि सी वर सरकारी अधिकारी. टोकन घेतलं की पडद्यावर नंबर येतो, आपण कुठे आहोत ते कळतं. टोकन मशीन घ्याच.

निळावंती

आमच्या ऑफिसात टोकन मशीन होतं. त्याचा कागदाचा रोल संपला आणि रोल मागवायच्या अर्जावर सही घ्यायला रांग लागली. :-)

रेषाचित्र

घाटवाट, पासपोर्टवाल्यांचं यश टोकनमध्ये कमी आणि दोन गोष्टींत जास्त आहे. आधी वेळ ठरवून यायचं, आणि पहिल्याच टेबलावर कागद पुरे आहेत का ते कळतं. अपुरे कागद घेऊन माणूस शेवटच्या टेबलापर्यंत जातच नाही. तेवढं बिनमशीनचंही जमेल.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या प्रशासनात काम करते. इथे बऱ्याच ठिकाणी पुढे एकच चौकशी टेबल असतं. तिथली माणसं सगळ्यातलं थोडं जाणतात आणि अवघड प्रकरण आतल्या जाणकाराकडे वेळ ठरवून पाठवतात. मोजमाप यांची "कुठल्याही खिडकीवर कुठलंही काम" ही अट अशी अर्धी पाळली जाते. तोटाही सांगते. पुढच्या टेबलावरच्यांना सतत शिकवत राहावं लागतं, नाहीतर ते नुसते निरोपे होतात.

रेषाचित्र यांनी सांगितलेली ब्लूप्रिंट डर्बी विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांच्या नावनोंदणीसाठी वापरली. त्यावर रॅडनर, ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांचा लेख २०१४ मध्ये पब्लिक मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये आलाय. मला त्यातला मुद्दा पटला तो हा की सेवा विभागांच्या हद्दींपाशी अडते. विद्यार्थ्याच्या लेखी कॉलेज एकच असतं, प्रवेश, हिशेब आणि परीक्षा असे भाग त्याने पाडलेले नसतात.

चाकांवरून

मी व्हीलचेअर वापरतो. पदवीला असताना कार्यालयाची खिडकी माझ्या डोक्याच्या वर होती. मी खालून हात वर करून फॉर्म सरकवायचो, आतून फक्त बोटं दिसायची. क्लार्कबाई चांगल्या होत्या, उठून बाहेर यायच्या, पण मग आत त्यांची रांग थांबायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, त्यामुळे रॅम्प सगळे करतात. रॅम्प चढून गेल्यावर पुढे काय, ते कुणी पाहत नाही.

तीन खिडक्यांपैकी एक काढून तिथे खुर्चीच्या उंचीचं टेबल ठेवा. समोरासमोर बसून बोलता येईल असं. ओवीचा प्रश्नही त्यातच सुटेल, हळू आवाजात बोलता येतं.

ओवी_टीवाय

हो! दादा, हे फार छान सुचवलंत.

घाटवाट

थोडं अवांतर. बोनाफाईडची निम्मी गर्दी एसटीच्या पाससाठी असते. पासात ६६.६७ टक्के सवलत, सोडून कोण देईल? २०२४ च्या जूनपासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायला सुरुवात केली. कॉलेजने यादी द्यायची, एसटीची माणसं येऊन पास वाटणार. आमच्या पुतणीच्या कॉलेजात यादी गेली आणि तिथल्या खिडकीची जूनमधली रांग जवळपास नाहीशीच झाली.

मोजमाप

अवांतर कुठे, हेच तर उत्तर आहे. येणारी मुलं कमी करा, असं मी वर लिहिलं ते नेमकं हेच.

भाग्यरेखा

पुठ्ठ्याच्या तालमीचा अनुभव आहे म्हणून लिहिते. कोकणातलं आमचं लहान कॉलेज. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये बेंच उलटे ठेवून काउंटर केला, खोक्यांवर 'फी' आणि 'दाखले' लिहिलं. मग क्लार्क विद्यार्थी झाले आणि मुलं क्लार्क. एका मुलाला टीसी द्यायची होती. त्याने जनरल रजिस्टर मागितलं (आम्ही खरंच जुनं आणून ठेवलं होतं), नाव शोधायला लागला, सापडेना, मागे रांग ओरडायला लागली, तेवढ्यात खोटा फोन वाजवला. घाम फुटला त्याला. आणि आमचे क्लार्क, विद्यार्थी म्हणून उभे, त्यांना कळलं की काउंटरच्या बाहेरून आतलं काहीच दिसत नाही, आपला कागद कुठल्या टेबलावर आहे तेही नाही.

त्यातून जे निघालं ते अगदी साधं होतं. अर्ज दिला की त्याच क्षणी चिठ्ठीवर तारीख लिहून द्यायची, "दाखला या दिवशी मिळेल". ती तारीख क्लार्कनेच ठरवायची. आधी मुलं रोज येऊन विचारायची, झालं का. ते थांबलं.

एक सावधगिरी: प्राचार्यांना तालमीला बोलावू नका. शेवटी दाखवायला बोलवा.

कलमदान

यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारण विनियम वाचून ठेवा. विद्यार्थी तक्रार निवारण समितीत किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातील सदस्य हवा, विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कागदपत्रं अडवून ठेवणं, शिष्यवृत्तीतली दिरंगाई या गोष्टी तक्रारीच्या व्याख्येतच आहेत. स्पष्टवक्ता विचारत होते अधिकार कुणाकडे, तर थोडा इथे आहे.

रेषाचित्र

माहिती उपयोगी आहे, पण ही समिती आणि सांजपर्व यांची बैठक एकत्र करू नका. एकदा तक्रार समितीचा शिक्का बसला की क्लार्क पुन्हा सुनावणीच समजतील.

स्पष्टवक्ता

मी माझं मत सोडलेलं नाही. पण भाग्यरेखा यांच्या चिठ्ठीत तारीख क्लार्क ठरवतो, हे मला महत्त्वाचं वाटलं. तिथे अधिकार खरोखर गेलाय. सांजपर्व, तुमच्या बैठकीत काय काय ठरवायचा हक्क आहे आणि काय नाही, ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. पगार, भरती तुमच्या हातात नाही, तर तसं सांगा. मांडणी, वेळा, पाट्या, कागदांची यादी हातात आहे, तर ते प्राचार्यांच्या सहीने लेखी घ्या. मग मी विरोध करणार नाही.

सांजपर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल दोन्ही क्लार्कच्या टेबलांपाशी बसले, काकांनी सांगितलं तसं. पहिला तासभर त्या फक्त "सगळं ठीक आहे मॅडम" म्हणत होत्या. मग मी एक शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवा म्हटलं, आणि धाकट्या क्लार्कने ड्रॉवरमधून स्वतःची वही काढली. परत आलेल्या अर्जांची कारणं तिने मागच्या वर्षापासून लिहून ठेवलीयेत, रंगीत पेनांनी, कुणी न सांगता. नावातला फरक, आधार दुसऱ्या खात्याला, दाखल्याचं वर्ष. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आता प्रवेशाच्या वेळीच या तीन गोष्टी जुळवून बघणारं एक टेबल मांडायचं, असं तिनेच सुचवलं.

प्राचार्यांकडून मांडणी, वेळा, पाट्या आणि कागदांची यादी एवढ्याचा अधिकार लेखी मिळालाय. टोकन मशीन तूर्त बाजूला. एक खिडकी काढून बसायचं टेबल करायला कंत्राटदार तयार आहे. एसटी आगाराला यादी देण्याचं काम शिपाईमामांनी स्वतःहून घेतलं, आगारप्रमुख त्यांच्या गावचे आहेत. जेवणाची सुट्टी आळीपाळीने घेता येईल का, यावर दोघी अजून एकमेकींशी बोलतायत, मी मध्ये पडले नाही.

एक राहिलं. मुलं आणि क्लार्क यांची एकत्र तालीम कधी घ्यावी? मला परीक्षेचे फॉर्म सुरू व्हायच्या आधी घ्यावीशी वाटते.

जुना_हेडक्लार्क

फॉर्म सुरू व्हायच्या आधी नको, तेव्हा त्या दोघी विद्यापीठाच्या याद्यांत बुडालेल्या असतात. फॉर्मची मुदत संपली की लगेचचा आठवडा घ्या, गर्दी ताजी आठवत असते. सोमवार आणि बाजाराचा दिवस सोडून. आणि तिची ती रंगीत वही टेबलावर ठेवा, तिची परवानगी घेऊन.

ओवी_टीवाय

तालीम साडेतीनच्या आत संपवा मॅडम.